जाहिरातीतला घास

नव्याने धंद्यात पडलेल्या बायकांच्या बैठकांना मला अधूनमधून बोलावणं येतं. विषय ठरलेला असतो. टीव्हीवर जाहिरात करायची तर ब्रँडला काय काय माहीत असायला हवं. आमच्या तांदळाची एक जाहिरात टीव्हीवर लागते, एवढ्या पुंजीवर मी या विषयातली जाणकार ठरले आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी.

मी जाते आणि माहीत आहे ते सगळं सांगते. तीस सेकंदांत एकच गोष्ट सांगता येते, तेव्हा ती कोणती हे कॅमेरा यायच्या आधी ठरवा. शूटिंगच्या दिवशी घरातल्या एकाच माणसाला हो-नाही म्हणू द्या, नाहीतर बारभाईंचा कारभार होतो आणि दिवे नुसते तापत राहतात. कलाकाराबरोबरचा करार किती काळाचा आहे ते आधी विचारून घ्या. मोबाइलवर दाखवायची छोटी आवृत्ती त्याच दिवशी काढून घ्या, तेवढ्यासाठी पुन्हा कोणी येत नाही. बायका मान डोलावतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या जाहिरातीतल्या आजी कुठून मिळाल्या हो?" मी म्हणते, घरातच होत्या. सगळ्या हसतात आणि बैठक संपते.

त्या आजी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, सख्खी आत्या असो वा नसो. घोटीला आमची भाताची मिल आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली. ते गेल्यावर नवरा ती चालवतो. रोज सकाळी नाशिकच्या इंदिरानगरातल्या घरून निघतो आणि संध्याकाळी केसांत भुसा घेऊन परत येतो. पूर्वी तांदूळ नुसता पोत्यांनी जायचा. छोट्या पिशव्या भरून दुकानांत पोचवायची कल्पना माझी. पिशवीवर नाव आत्याबाईंचं, कारण दुसरं कुठलंच नाव घरात सगळ्यांच्या पचनी पडेना. त्यांना पहिली पिशवी दाखवली तेव्हा म्हणाल्या, "म्हंजी आता गावोगावच्या बाया मला कात्रीनं कापणार." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि देवापाशी ती पिशवी उभी करून ठेवली.

आमचा तांदूळ इंद्रायणी. शिजला की मऊ होतो, घरभर वास सुटतो, आणि एक शीत दुसऱ्याला धरून बसतं. ज्यांना तो आवडतो त्यांना दुसरा कुठला आवडत नाही. ज्यांना आवडत नाही ते मला फोन करून सांगतात की तुमचा भात मोकळा होत नाही. मी त्यांना गोड आवाजात पाणी कमी घालायला सांगते आणि फोन ठेवल्यावर दोन शब्द बोलते, ते इथे लिहीत नाही.

आत्याबाईंचं जेवण हा आमच्या घरातला जुना वादाचा विषय. सासरे, आमचे अण्णा, होते तोवर त्या आमच्याबरोबर बसायच्या. ते गेल्यावर हळूहळू मागे राहायला लागल्या. "तुमचं होऊ द्या, मी बसते नंतर," असं म्हणायच्या आणि सगळे उठले की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकट्या जेवायच्या. मी खूप भांडले. माझा स्वभावच भांडखोर आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या ऐकायच्या नाहीत. नवरा म्हणायचा, अण्णांच्या जागेकडे बघून तिला घास उतरत नसेल, राहू दे. मलाही ते पटलं होतं.

तांदूळ निवडायचं त्यांनी सोडलं, ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून. चहा अर्धाच पेला घ्यायला लागल्या, तो पित्त होतं म्हणून. आणि एक गंमत होती. पोरांच्या हट्टापायी घरात जिरा राईस केला की आत्याबाईंचं पोट त्या दिवशी नेमकं भरलेलं असायचं. दूधभाकरी खाऊन उठायच्या. पोरं म्हणायची, आजी ब्रँडशी इमान राखते. त्याही हसायच्या, म्हणायच्या, "मग? घरच्याच माणसानं फितुरी करायची का?"

जाहिरातीचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. डायरेक्टर मुंबईहून आलेली मुलगी होती, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. कमी बोलणारी, नीट ऐकणारी. तिची कल्पना अगदी साधी होती. दिवसभर सगळ्यांना वाढून झाल्यावर आजी स्वतः जेवायला बसते, भाताचा पहिला घास घेते आणि डोळे मिटते. बस. त्यानंतर आमची पिशवी. मला वाटलं, एवढ्यासाठी एवढी माणसं कशाला, हे तर आमच्याकडे रोज होतं.

शूटिंग आमच्याच घरी ठेवलं. माझ्या मॉड्युलर किचनचा हट्ट पुरवायला नवऱ्याने किती वर्षं लावली होती, आणि या मंडळींनी येऊन सोफा गॅलरीत काढला, हॉलमध्ये प्लायवूडची भिंत उभी केली, तिला मातीचा रंग दिला आणि टीव्ही असतो तिथे चूल मांडली. आत्याबाई कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "हिचा धूर कुठून जाणार?" एका मुलाने सांगितलं की ती पेटवायची नाही. "मग मांडली कशाला?" तो रंगाचा डबा उचलून भिंतीकडे गेला. जेवणाचे डबे बाहेरून येणार होते, पण आपल्या दारी आलेला माणूस बाहेरचं कसं खाईल, म्हणून त्यांनी मला खऱ्या स्वयंपाकघरात मोठा कुकर लावायला सांगितला होता. भात, वरण, वांग्याची भाजी. मी करवादले, पण केलं.

खाण्याच्या वस्तूची जाहिरात कशी करतात हे ज्याने पाहिलं नाही तो सुखी. भात सजवायला एक वेगळी बाई आली होती. ती चिमट्याने एकेक दाणा उचलून मुदीवर बसवत होती आणि वरून ब्रशने तेल लावत होती. वाफ दिसावी म्हणून ओला कापूस गरम करून ताटामागे लपवला होता. आमचा भात तिने आदल्या दिवशीच शिजवून बघितला होता. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, हा कॅमेऱ्यात गोळा दिसतो. टीव्हीवर शीत न् शीत सुटं दिसलं पाहिजे. फक्त ताटात लांब दाण्याचा वापरू का? कोणाला कळत नाही." हो-नाही म्हणायचा अधिकार माझ्याकडे होता. मी हो म्हटलं. ते ताट दिसलंही इतकं देखणं, की आपण इतकी वर्षं भात लावतो म्हणजे नक्की काय करतो, असं मला वाटून गेलं.

आजीचं काम करायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. नाटकात मुरलेल्या, फार गोड बाई. नऊवारी त्यांना आमच्यापेक्षा छान नेसता येत होती. त्यांना मधुमेह होता. घास घ्यायचा, डोळे मिटायचे, हसायचं, आणि डायरेक्टरने थांबवलं की बाजूला ठेवलेल्या बादलीत तो घास टाकायचा, असं चाललं होतं. सगळीकडे असंच करतात, नाहीतर माणूस दिवसभर किती खाईल? मी आणि आत्याबाई मॉनिटरसमोर, म्हणजे कॅमेऱ्यात काय दिसतंय ते दाखवणाऱ्या पडद्यासमोर, खुर्च्या टाकून बसलो होतो. आत्याबाईंनी इरकल नेसली होती आणि चेहरा अगदी खुलला होता. मग त्यांना बादली दिसली.

"ती भात थुकती हाय," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

"आत्याबाई, शूटिंगमध्ये तसंच असतं. सारखं खाऊन त्रास होईल ना त्यांना."

"मग खाऊ नाय. घास घ्यायचा आन् टाकून द्यायचा, ही कुठली रीत?"

मी त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. पुढचा टेक झाला आणि पुन्हा बादली पुढे आली. आत्याबाई उठल्या. मला वाटलं आत जातील. त्या सरळ दिव्यांच्या उजेडात गेल्या आणि त्या बाईंसमोर उभ्या राहिल्या.

"उठ बाई तू," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तुला सोसत नाय तर तू खाऊ नको. भात थुकायचा नसतो. मी खाते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डायरेक्टरने भुवया उंचावून विचारलं. मला मनातून आनंदच झाला. पिशवीवर जिचं नाव तीच बाई ताटावर बसत होती, याहून चांगलं काय? मी मान हलवली. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याने खुशीत मोबाइल बाहेर काढला. त्या क्षणाला आत्याबाईंना स्वतःच्या हाताचा विसर पडला होता, हे मला नंतर कळलं. भाताचा अपमान होतोय एवढंच त्यांना दिसत होतं. शिवाय ताटात आपलाच भात आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

त्यांनी हात धुतले, पाटावर बसल्या, ताटाला नमस्कार केला. डायरेक्टर म्हणाली, "आजी, आम्ही इथे नाही असं समजा. तुम्ही निवांत जेवा." कॅमेरा त्यांच्या हाताजवळ नेला होता. मी पडद्याकडे बघत होते. आत्याबाईंनी बोटांत भात घेतला. तेल लावलेले ते सुटे, लांब दाणे बोटांतून निसटायला लागले. हात तोंडाशी पोचला तेव्हा त्यात काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा सगळा ताटात, मांडीवर, पाटाखाली.

आधी मला वाटलं, तेलामुळे. मग पडद्यावर तो हात मोठा दिसला. तो थरथरत होता. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, सारखा, थांबत नव्हता. घाबरून नाही, माझी सासू कोणाला घाबरत नाही. तो आजचा कंप नव्हता. भिंतीकडे तोंड करून जेवणं, अर्धा पेला चहा, न निवडलेला तांदूळ, जिरा राईसच्या दिवशी भरलेलं पोट, सगळं एका क्षणात माझ्या समोर येऊन बसलं. मोकळा भात त्यांच्या हातात राहतच नव्हता. आमचा राहत होता. म्हणून त्या आमचा खात होत्या, आणि आम्ही त्याला ब्रँडशी इमान म्हणून हसत होतो. मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

सगळ्यांत आधी उठल्या त्या पुण्याच्या बाई. त्या पुढे गेल्या आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून आत्याबाईंच्या पुढ्यात बसल्या, अशा की हात कोणाला दिसू नये. आपल्या पदराने त्यांनी आत्याबाईंच्या मांडीवरचे दाणे गोळा केले. नवरा पुढे आला आणि म्हणाला, "आई, राहू दे. ऊठ तू."

"तू थांब तिथं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी एक दाणा बोटांत धरून बघितला. शितावरून भाताची परीक्षा करायला त्यांना वेळ लागला नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हा आपला नाय. आपला आण. कुकरातला."

मी गेले. कुकर अजून गरम होता. वाटीने मूद पाडली. त्या देखण्या ताटाच्या जागी मी रोजचं ताट ठेवलं. भात, वरण, वर साजूक तुपाची धार. तो भात खरंच गोळाच दिसत होता. पुण्याच्या बाई हळूच बाजूला सरकल्या.

आत्याबाईंनी वरणभात कालवला. तीन बोटांनी दाबून छोटासा घास केला, अंगठ्याने त्याला कड दिली आणि उचलला. हात तसाच हलत होता. घास हलत होता, पण सुटत नव्हता. एक शीत खाली पडलं नाही. तो तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नंतर त्या आम्हाला खरंच विसरल्या. सावकाश, चवीने, तूप बोटांना लागेल तसं चाटत सगळा भात जेवल्या. मी त्यांच्या घरात येऊन अर्धं आयुष्य झालं, पण त्यांना असं समोर बसून पोटभर जेवताना किती वर्षांनी बघत होते. मला त्या फार सुंदर दिसल्या.

सामान आवरल्यावर डायरेक्टर माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, मी कॅमेरा चालू ठेवला होता. आजींना विचारलं नव्हतं. त्यांना नको असेल तर सगळं पुसते आणि आपण पहिल्या बाईंचंच वापरू. निर्णय त्यांचाच असू दे." मी तिला हो म्हणून बसले आणि पुढे कितीतरी दिवस आत्याबाईंकडे विषय काढू शकले नाही. दरम्यान नवरा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. थोडा फरक पडेल म्हणाले, पूर्ण जाणार नाही. आत्याबाई औषधाच्या पाकिटाकडे बघून म्हणाल्या, "आता लपवायचं तरी सुटलं." त्या दिवसापासून त्या आमच्याबरोबर ताटावर बसायला लागल्या.

मग मुंबईहून दोन जाहिराती आल्या. पहिलीत कॉम्प्युटरवर काहीतरी करून आत्याबाईंचा हात स्थिर केला होता. दुसरीत होता तसाच ठेवला होता. डायरेक्टरने लिहिलं होतं की आजी म्हणतील ती देऊ, कुठलीच नको म्हणाल्या तर तीही गोष्ट संपली. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, हे विशेष.

पहिली जाहिरात लावली. पडद्यावर त्यांचा हात आला. बोटांनी घास केला, उचलला, सरळ रेषेत तोंडापर्यंत नेला. आत्याबाई पुढे वाकल्या.

"परत लाव."

मी लावली.

"हा माझाच हात का गं?"

"तुमचाच."

"असाच व्हता," त्या म्हणाल्या.

दुसरी लावली. नवऱ्याला ती बघवेना, तो खिडकीकडे बघत बसला. संपल्यावर म्हणाला, "आई, पहिलीच लावू. उगाच लोक काहीबाही बोलतील, दुकानात विचारतील."

"पिशवीवर नाव कोणाचं हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुझं."

"मंग हात बी माझाच असू दे. हालतो हाय, पर घास सांडला का? नाय ना सांडला? तेच सांगायचं व्हतं ना तुम्हाला लोकांना?"

हो, तेच सांगायचं होतं. आमच्या भातात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि मी ती लांब दाण्यांखाली झाकायला निघाले होते. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, नक्की ना? एकदा टीव्हीवर लागली की सगळं नाशिक बघणार." त्या म्हणाल्या, "बघू दे. जेवतीच तर हाय मी." मग नवरा फोनवर कळवायला गॅलरीत गेला, तशी त्यांनी मला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला.

"ते पैलं पुसू नको म्हणावं. ते माझ्यापुरतं ठेव."

ती जाहिरात आता टीव्हीवर लागते. अनोळखी लोकांचे फोन येतात. कोणी म्हणतं, आमच्याही वडिलांचा हात असाच आहे, पिशवी कुठे मिळेल? मी दुकानाचं नाव सांगते आणि फोन ठेवल्यावर आता काही बोलत नाही. आत्याबाईंना स्वतःची जाहिरात लागली की लाज वाटते, त्या चॅनेल बदलायला लावतात.

दुपारी मात्र घर रिकामं असतं. नवरा मिलमध्ये, पोरं बाहेर. आमची दोघींची जेवणं होतात, दोन-चार शितं सांडतात, ती मी पुसून घेते. मग आत्याबाई पदराला हात पुसत येतात आणि माझ्या शेजारी बसतात. "लाव गं ते पैलं," म्हणतात. मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते. त्या उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून मांडीवर ठेवतात आणि पडद्यावरचा तो दुसरा हात बघतात. तो घास करतो, उचलतो, जराही न हलता तोंडापर्यंत नेतो.

"परत," आत्याबाई म्हणतात. मी परत लावते.